पेटीची सुटी

सचिनने पेटीवरचा झेंडूचा हार काढला, अक्षता सांडू नयेत म्हणून लाल कापड चारी कोपऱ्यांनी उचलून बाजूला ठेवलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पुढच्या पट्टीवरचे चार दिवे एकामागून एक लागले. पहिला, दुसरा, चौथा हिरवे झाले. तिसरा लाल झाला आणि लालच राहिला. मग पेटी ओरडायला लागली.

"काऊन बोंबलून राह्यली ते?" शोभाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"एक डिस्क मेली, आई."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी असं तोंडातून काढू नये."

सचिनने ओरडणं बंद केलं आणि स्टूल ओढून पेटीसमोर बसला. पिपरी मेघेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे फोटो स्टुडिओ होता. स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती, तिथे ही पेटी. पेटी हे शोभाबाईंनी दिलेलं नाव. सचिन आणि त्याचा भागीदार आदेश तिला सर्व्हर म्हणायचे, पण शोभाबाईंपुढे तेही पेटीच म्हणायला लागले होते. दोघांनी नागपूरच्या खेपा करून सुटे भाग जमवले होते आणि याच खोलीत, जमिनीवर चटई टाकून, तिला जोडली होती. आत चार हार्ड डिस्क, आणि त्या चौघींवर मिळून जिल्ह्यातली कितीतरी लग्नं. व्यवस्था अशी होती, की चारांतली एक गेली तरी उरलेल्या तिघी तिचं सगळं भरून काढतात. नवी डिस्क बसवली की पेटी आपली आपण जुनं ते तिच्यावर पुन्हा लिहून काढते. दोन गेल्या तर मात्र कोणीच काही भरून काढत नाही.

वर्षभर ही पेटी रात्रंदिवस चालू असायची. फक्त नवमीला दिवेलागणीच्या वेळी ती बंद व्हायची. दसऱ्याला कॅमेरे, लेन्स, लाइट यांच्या रांगेत तिलाही हळदकुंकू लागायचं आणि तो आख्खा दिवस तिला कोणी हात लावायचा नाही. माणसाला सुटी लागते, बैलाला लागते, मग हिला का नको, असं शोभाबाईंचं म्हणणं होतं. सचिनचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे की नाही हे त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी पेटी सुरू करायची त्याची छाती नव्हती.

त्याने आदेशला फोन केला. आदेश लगेच आला. एरवी तो घरात शिरायचा तेच बोलत बोलत, आज मात्र अडगळीच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"कोणती गेली?"

"तिसरी."

"बाकीच्यायचं तापमान पाह्यलं का?"

"परवापासून बंद होती बे. थंडगार पडली आहे. तापमान काय पाहाचं?"

आदेशने मान हलवली आणि खाली बसून डाव्या बाजूचे स्क्रू सोडवायला घेतले. हात त्याचाच चांगला होता. सचिन कॅमेऱ्याचा माणूस, आदेश यंत्राचा. भागीदारी झाली ती त्यामुळेच, आणि इतकी वर्षं टिकली तीही त्यामुळेच, असं सचिन लोकांना सांगायचा.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन लागायच्या आधी चारही जुन्या डिस्क काढून मोठ्या बसवायच्या, असं दोघांचं ठरलं होतं. त्यातली पहिली नवी डिस्क आणून ठेवलेली होती. सचिनने ती कपाटातून काढली. जुन्या चौघी एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी बसवलेल्या. एकाच वेताच्या म्हणा ना. एकीने मान टाकली म्हणजे बाकीच्यांचंही वय झालेलं आहे, हे दोघांनाही कळत होतं.

"जुन्या डिस्क एकदम बंद ठेवल्या की कधी कधी उठत नाईत," सचिन म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "आई, तुह्या सुटीनं मारली हिले. दर वर्षी सांगतो, याले सुटी-बिटी नाई लागत. चालत्या गाडीले खीळ घालाची अन् मंग चालत नाई म्हणाचं."

शोभाबाई हातातलं ताट घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सचिनकडे पाहिलं, मग आदेशकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. आदेश स्क्रू फिरवत होता. तो स्क्रू केव्हाच मोकळा झालेला होता, तरी तो फिरवत होता.

"माह्याच सुटीनं असन," शोभाबाई म्हणाल्या आणि परत गेल्या.

नवी डिस्क बसली. पेटी लिहायला लागली. स्क्रीनवर एक आकडा उमटला आणि गोगलगायीच्या चालीने सरकू लागला. असं काम कधी कधी दीड दिवस चालतं, आणि तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही जुन्या डिस्कना दम न घेता वाचून दाखवावं लागतं. हाच धोक्याचा वेळ. आदेशला हिंगणघाटला जायचं होतं, कोणाचं तरी साखरपुड्याचं बोलणं होतं. तो चहा न घेता निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरभी आली. नालवाडीची सुरभी, शेतीची अवजारं विकणाऱ्या लक्ष्मणरावांची मुलगी. वैशाखात तिचं लग्न सचिन आणि आदेशनेच शूट केलं होतं. अल्बमचे फोटो अजून निवडायचे राहिले होते. त्यात नवल काही नाही. स्थळ निवडायला लोकांना लागत नाही इतका वेळ अल्बमचे फोटो निवडायला लागतो, आणि तोवर सगळं कच्चं शूटिंग पेटीत पडून राहतं. पण सुरभीच्या घरी कारण वेगळं होतं. श्रावणात लक्ष्मणरावांना लकवा झाला होता.

"आता कसे आहेत?" सचिनने विचारलं.

"चालतात हाताले धरून. पण बोलता येत नाई, दादा. शब्द डोक्यात असते त्यायच्या, ते समजते आमाले. तोंडात येत नाई." तिने पदराशी चाळा केला आणि मग सरळ त्याच्याकडे पाहिलं. "बोलणं शिकवाले एक मॅडम येतात. त्या म्हणे, यायले पाठ असलेलं काही, यायच्याच आवाजात असन, तर ते रोज ऐकवा. संगं संगं म्हणाले लावू. बाबा तर फोनवर बी हाव-नाईच्या पुढे कधी बोलले नाईत. मंग मले आठवलं."

सचिनलाही आठवलं. आठवताच त्याचं लक्ष आपोआप पेटीच्या खोलीकडे गेलं. लग्नात लक्ष्मणरावांनी मुलीसाठी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं होतं. सगळ्या मांडवाला धक्का बसला होता. नांगराचे फाळ विकणारा, गिऱ्हाइकाशी चार शब्द जास्त न बोलणारा माणूस, आणि त्याने डोळे मिटून, एकही ओळ न चुकता आठ कडवी म्हटली. त्यांच्या सदऱ्याला छोटा माइक सचिननेच लावला होता.

"कोणाच्या मोबाइलवर नाई का?"

"आहे ना. त्यात मामाच ओरडून राह्यले, सरका सरका म्हणून. बाबाचा आवाज आयकूच येत नाई."

कॅमेऱ्याच्या कार्डांवर त्यानंतर दहा लग्नं होऊन गेली होती. आवाज होता तो फक्त पेटीत.

सचिनने तिला आत नेऊन स्क्रीन दाखवला. आकडा अर्ध्याच्या पुढे गेला होता. "हे काम चालू आहे तोपर्यंत मी याले हात नाई लावत. संध्याकाळपर्यंत होईन. मंग तुले पेनड्राइव्हवर आवाज वेगळा काढून देतो, साफ करून."

"दुसरी कॉपी नाई का ठेवत तुम्ही कुठी?"

"नाई," सचिन म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात ताठा आला. "लोकायच्या पोरीबाळींचे फोटो असतात, सुरभी. हळद लागतानाचे, न्हाणं होतानाचे. या घरातून एक कॉपी बाहेर जात नाई. तुह्या आईले बी तेच सांगतलं होतं मी."

ते खरं होतं. घरोघरी ऑर्डर घ्यायला गेल्यावर तो हे एक वाक्य बोलायचा, आणि शेजारी बसलेला आदेश मान डोलवायचा. बाकी स्टुडिओवाले मुलींचे फोटो परस्पर जाहिरातीत टाकायचे, कोणाच्या लग्नाचं शूटिंग कोणाच्या मोबाइलवर दिसायचं. सचिनकडे लोक यायचे ते या वाक्यासाठी. तेच त्याचं भांडवल होतं.

सुरभी गेली. जाताना शोभाबाईंच्या पाया पडून गेली.

तासाभराने पेटी पुन्हा ओरडली.

सचिन पळतच आत गेला. पहिला दिवा लाल. स्क्रीनवरचा आकडा थांबला होता आणि त्याच्या जागी एक ओळ आली होती, की साठवण उपलब्ध नाही. त्याने पेटी बंद केली, थोडं थांबून पुन्हा सुरू केली. तीच ओळ. पहिली डिस्क बाहेर काढून दुसऱ्या वायरने जोडून पाहिली, कानाशी धरली. आतून टक, टक, टक असा आवाज येत होता आणि मग काहीच येत नव्हता. त्याने ती मांडीवर ठेवली. डोळ्यांसमोर लक्ष्मणराव आले, मिटलेल्या डोळ्यांचे. संध्याकाळपर्यंत देतो म्हणून आपण आत्ताच सांगितलं, हे त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

शोभाबाई निर्माल्य गोळा करायला आल्या होत्या. पूजेची फुलं त्या धाम नदीच्या पाण्यात सोडायच्या, त्यासाठी त्यांच्याकडे एक वेगळी टोपली होती. कॅमेऱ्यांवरचे झेंडू त्यांनी टोपलीत टाकले. पेटीजवळ पडलेला हार उचलला आणि त्या थांबल्या. हाराच्या मधली फुलं त्यांच्या बोटांत कुरकुरली आणि त्यांचा भुगा झाला.

"दुसरी बी गेली का?" त्यांनी विचारलं.

सचिनने मान हलवली.

"म्हंजे सगळंच?"

"सगळंच."

शोभाबाई स्टुलावर बसल्या. टोपली त्यांनी मांडीवर घेतली होती.

"मी नाई मारली तुही पेटी," त्या म्हणाल्या.

"आई, मी रागात बोललो काल. तसं नाई."

"रागात बोलला का कसा बोलला, पण मी नाई मारली. ते बंदच नव्हती." त्यांनी हारातलं एक फूल त्याच्यासमोर धरलं. "हे पाय. कॅमेऱ्यावरचे फुलं अजून ओले आहेत अन् हे पापडासारखे झाले. दसऱ्याले तू सेलूले गेलता ना बहिणीकडे, ज्योत्स्नाच्या घरी, तवा आदेश आलता. सोनं द्याले आलो म्हणे. मंग म्हणे, काकू, एक अपडेट राह्यला, थोडीशी लावतो पेटी. मी म्हटलं, आज नाई लावत बाप्पा. तो म्हणे, सचिनचंच काम आहे."

"किती वेळ होता?"

"जेवण झाल्यावर आलता. दिवे लागले तवा गेला. मी दोनदा चहा देल्ला त्याले. पंख्याच्या खाली बसून होता, मोबाइल पाहात. बाजूले एक काळी डबी ठेवली होती, वायर लावून."

सचिनने बाजूला ठेवलेल्या लाल कापडाकडे बोट केलं. "अन् हे कापड? हार?"

"ते त्यानं हलवलंच नाई. म्हणे, तुमची पूजा मोडाची नाई मले. तसंच राहू देल्लं बिचाऱ्यानं."

"तू मले काऊन नाई सांगतलं?"

"शपथ घातली त्यानं. म्हणे, सुटी मोडली म्हणून सचिन रागावन. मले वाटलं, सणाचं बी काम करून राह्यलं पोरगं. आपल्यापेक्षा त्याले पेटीवर जीव आहे." त्यांचा आवाज खाली आला. "काल तू मले बोलला तवा मी वाट पाह्यली. म्हटलं, आता तो सांगन."

सचिनने लाल कापड उचललं. पेटीची गरम हवा वरच्या तोंडातून बाहेर पडायची, आणि पूजा नीट दिसावी म्हणून त्यानेच ते कापड वर दुहेरी करून घातलं होतं, त्यावर हार. बंद पेटीला त्याने काय फरक पडणार होता. पण आत चार म्हाताऱ्या डिस्क दुपारभर सुसाट वाचत असतील आणि वरून तोंड दाबलेलं असेल, तर काय होणार हे आदेशला सांगावं लागत नव्हतं. त्याला ते ठाऊक असणारच. पण कापड हललं असतं, तर अक्षता सांडल्या असत्या आणि सचिनला कळलं असतं.

अपडेट सचिनने नवमीला पेटी बंद करायच्या आधी स्वतःच केला होता.

दुपारभरात या वर्षीची सगळी लग्नं त्या डबीत उतरवून निघतात, असं त्याच्या मनात आलं, आणि मनात आल्याचीच त्याला लाज वाटली. त्याने ते खोडायचा प्रयत्न केला. आदेशला नसेल माहीत अपडेट झाल्याचं. काळी डबी दुसरंच काहीतरी असेल. आईला काय कळतं त्यातलं. पोळ्याच्या सुमारास कोणीतरी सांगितलं होतं, की आदेश आर्वी नाक्याजवळ स्वतःच्या स्टुडिओसाठी गाळा बघतो आहे. तेव्हा सचिनने त्याला सरळ विचारलं होतं. वेगळं व्हायचं असेल तर सांगजो, उद्घाटनाचा मांडव मी घालून देतो, असंही म्हटलं होतं. आदेश हसला होता. तुले सोडून कुठी जातो बे, म्हणाला होता. सचिनने त्या हसण्यावर विश्वास ठेवला होता आणि ज्याने ती बातमी आणली त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता.

तो ओट्यावर येऊन बसला. ऊन चांगलंच तापलं होतं. समोरच्या रस्त्यावरून ऑटो जात होते, त्यातल्या एकाने ओळखीचा हात केला, त्यानेही केला. त्याला रडू आलं नाही. चोरी झाली असती तर त्याने दार लावलं असतं, पोलिसांत गेला असता. इथे दार त्यानेच उघडं ठेवलेलं होतं, आणि आत आलेल्याला आईने चहा दिला होता.

आणि त्याहून वाईट ते पुढे होतं. आदेश खरा असेल, तर लक्ष्मणरावांचा आवाज गेला. आवाज वाचला असेल, तर आदेश गेला. दोन्ही सोबत राहतील असं काही त्याला सुचेना. आपण नेमकं काय मागतो आहोत हे त्याला ठरवता आलं नाही. सुरभीचं तोंड आठवलं की वाटायचं, आदेशने नेलेलंच असू दे. मग चटईवर बसून पहिल्यांदा पेटी सुरू झाली तेव्हाचा आदेश आठवायचा, आणि वाटायचं, तो आवाज गेला तरी चालेल. असं वाटलं याचीही त्याला चीड आली.

शेवटी त्याने फोन लावला. दोनदा वाजल्यावर आदेशने उचलला.

"बोल."

"दुसरी बी गेली. पहिल्या नंबरची."

पलीकडे कोणीतरी हातोडा मारत होतं. लाकडावर खिळा ठोकल्यासारखा आवाज. तो थांबला.

"सगळं गेलं?" आदेशने विचारलं.

"सगळं. सुरभी आलती सकाळी. लक्ष्मणरावले बोलता येत नाई आता. त्यायचं ते मंगलाष्टक पाह्यजे तिले. त्यायले ऐकवाले." त्याला आदेशवर ओरडायचं होतं. आईला बोलणी बसली तेव्हा तू नुसता स्क्रू का फिरवत होतास, हे विचारायचं होतं. त्याने ते काहीच विचारलं नाही. "ती डिस्क घेऊन येजो."

तो थांबला. फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखला. कोणती डिस्क, एवढे दोनच शब्द आदेशने बोलायला हवे होते. काय बोलून राह्यला बे, असं नुसतं हसला असता तरी पुरे होतं. सचिनने त्याची माफी मागितली असती, आत्ता, इथेच, ओट्यावर उभं राहून. सुरभीच्या घरी जाऊन हात जोडून आला असता आणि तरीही आज सुखाने जेवला असता.



"आता येऊ, का जेवून येऊ?" आदेश म्हणाला.

"आदेश आहे का फोनवर?" शोभाबाईंनी आतून विचारलं. तवा चढवल्याचा आवाज आला. "येत असन तर सांग. त्याच्या दोन पोया जास्त टाकतो."

सचिनने फोनवर हात ठेवला नाही. आईचं बोलणं पलीकडे गेलं असणार.

"जेवून ये," तो म्हणाला.